नवा क्लाउड पुरवठादार जोडायचा म्हणजे काय?

मुक्तस्रोत (ज्याची संहिता कुणालाही पाहता-बदलता येते) क्लाउड सॉफ्टवेअरला नवा पुरवठादार जोडायचा, तर सगळं नव्यानं लिहावं लागेल, असं अनेकांना वाटतं. तसं नसतं. लातूर-नांदेडकडे सोयाबीनच्या पेरणीयंत्रासाठी ट्रॅक्टरचं इंजिन कुणी बदलत नाही. यंत्र मागच्या तीन जोडांत बसलं की झालं. ‘अपाची लिबक्लाउड’ या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये असा जोड म्हणजे ड्रायव्हर (सॉफ्टवेअरची मागणी पुरवठादाराला समजेल अशी मांडणारा भाग). सर्व्हर सुरू करा, यादी द्या, काढून टाका, अशा ठरावीक आज्ञा तो पोचवतो. पुरवठादाराकडे नसलेली सुविधा मात्र तो निर्माण करू शकत नाही. खरे कष्ट ड्रायव्हरच्या चाचण्या लिहिण्यात आहेत. नवशिक्यांनी तिथेच जास्त वेळ द्यावा. इंजिन आणि जोड वेगळे ठेवण्याच्या याच तत्त्वानं कुबरनेटीस या दुसऱ्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरनं तर २०२४ मधल्या १.३१ आवृत्तीत पुरवठादारांची संहिता गाभ्याबाहेर काढण्याचं काम पूर्ण केलं.