रेशनकार्ड आलं तेव्हा नेहरू तुरुंगात होते

जुहू चौपाटीवर सकाळच्या फेऱ्या आटोपल्या की नारळपाण्याच्या गाडीपाशी इतिहासाचा तास भरतो. तिथे एक वाक्य इतक्या वेळा कानावर पडलंय की आता उत्तर द्यायलाही कंटाळा येतो: "इंग्रजांच्या राज्यात सगळं मुबलक होतं हो, रेशनच्या रांगा लावल्या त्या नेहरूंच्या समाजवादाने."

मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं 2 मे 1943 रोजी. त्या दिवशी नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते, ऑगस्ट 1942 पासून. त्यामुळे रेशनकार्डावर त्यांचा शिक्का असणं जरा अवघडच.

कारण युद्धाचं होतं. मार्च 1942 मध्ये रंगून जपान्यांच्या हाती गेलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ बंद झाला. मुंबईची भिस्त आधीपासून बाहेरून येणाऱ्या धान्यावर. त्यात सैन्याची खरेदी, मालगाड्यांची ओढाताण आणि भाव चढतील म्हणून माल दाबून बसलेले व्यापारी. अशा वेळी भाव बांधून माणशी वाटा ठरवणं हा समाजवाद नव्हे, युद्धकाळातला साधा हिशेब आहे. तो जगभर झाला. ब्रिटनमध्ये जानेवारी 1940 पासून लोणी आणि साखर कुपनावर मिळू लागली. भांडवलशाहीचं माहेरघर म्हणावं त्या अमेरिकेतही मे 1942 मध्ये साखरेसाठी घरोघरी रेशनची पुस्तकं गेली. पुढे कॉफी, मांस, बूटसुद्धा. तिथे कुणी याला नेहरूंचा समाजवाद म्हटल्याचं ऐकिवात नाही.

आता ते 'मुबलक' किती होतं ते बघू. 1946 साली मोठ्या माणसाचा वाटा दिवसाला 12 औंसांवर आणला गेला. म्हणजे साधारण 340 ग्रॅम धान्य, भात, पोळी, भाकरी सगळं धरून. त्यातून कॅलरी मिळतात जेमतेम बाराशे. वर दूध, तूप, मासळी घेण्याची ऐपत असेल त्याचं भागलं. गिरणीत पाळी करून आलेल्या माणसाचं पोट मात्र मुख्यतः याच धान्यावर, आणि त्यातही तांदळाची सवय असलेल्या कोकणी घराला मिळेल ते धान्य गोड मानून घ्यावं लागे.

तरीही मुंबईला रेशनिंगने तारलं, हे कबूल करायला हवं. कलकत्त्यात ते जानेवारी 1944 च्या अखेरीस आलं. तोवर बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली होती. दुष्काळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वुडहेड आयोगाने मृतांचा आकडा 15 लाख धरला, पुढच्या अभ्यासकांनी 30 लाखांच्या आसपास. शंका असेल त्याने अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांचं दुष्काळांवरचं 1981 चं पुस्तक काढावं. बंगालमध्ये 1943 साली धान्य 1941 पेक्षा कमी नव्हतं, गरिबाची ते विकत घेण्याची ताकद संपली होती, असं त्यांनी आकडे देऊन मांडलंय.

गंमत पुढेच आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर गांधीजींनी प्रार्थनासभांतून 'कंट्रोल उठवा' असा लकडा लावला आणि डिसेंबर 1947 मध्ये नेहरूंच्याच सरकारने धान्यावरची नियंत्रणं उठवायला घेतली. भाव भडकले, आणि 1948 मध्ये ती परत आणावी लागली. मग घरोघरच्या आठवणीत रेशन म्हणजे काँग्रेस राजवट का? कारण आज बोलणाऱ्या पिढीने पाहिल्या त्या 1965 ते 1972 च्या रांगा: अमेरिकेचा गहू आणि दुष्काळातली ती लाल मिलो ज्वारी. आठवण खरी आहे, पण म्हणून 1943 च्या रांगा पुसून टाकायच्या?

चौपाटीवरच्या त्या तासाला आणखीही विषय असतात. जपान्यांनी मुंबईवर बॉम्ब टाकले? नाही. विशाखापट्टणम आणि कलकत्त्यावर पडले. मुंबई हादरली ती 14 एप्रिल 1944 ला, व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाच्या स्फोटांनी. एकाच जहाजात कापसाच्या गाठी आणि सुमारे 1,400 टन स्फोटकं भरली होती; आग लागली आणि विझली नाही. 66 अग्निशामक गेले. वर्तमानपत्रांवर सेन्सॉरचा हात होता, मग अफवांना रान मोकळंच.

मुंबईतला पहिला ब्लॅकआउट 1971 चा? तो तिसरा तरी असेल. महायुद्धात आणि 1965 मध्येही दिवे झाकले होते.

जुहूचा विमानतळ लढाईसाठी बांधला? तो 1928 चा, जे. आर. डी. टाटा 1932 मध्ये कराचीहून टपाल घेऊन इथेच उतरले. लढाईत उभा राहिला तो शेजारचा सांताक्रूझ.

आणि 'गांधीजींनी आयुष्यात एकच सिनेमा पाहिला, रामराज्य'. कैदेतून सुटल्यावर 1944 च्या मे-जूनमध्ये ते इथेच, जुहूला उद्योगपती शांतिकुमार मोरारजींकडे राहिले होते. 'रामराज्य' तेव्हाच पाहिला हे खरं. पण त्याच मुक्कामात त्याआधी त्यांना वॉर्नर ब्रदर्सचा 'मिशन टू मॉस्को' दाखवला गेला होता. रशिया आपला दोस्त आहे हे अमेरिकन घरांना पटवण्यासाठी काढलेला तो युद्धकाळातला प्रचारपट. गांधीजींना तो मुळीच आवडला नाही.