रुंद पडदा निवडताना

संगणकाचा पडदा घ्यावयास गेलेल्या गिऱ्हाइकाला दुकानदार बहुधा दोनच आकडे ऐकवतो : इतके इंच आणि इतके हर्ट्झ. केवळ खेळासाठी पडदा हवा असेल तर तेवढ्यावर निभावते. परंतु ज्याला त्याच पडद्यावर रात्री खेळावयाचे आहे आणि दिवसा पाने लावावयाची, छायाचित्रे सुधारावयाची आहेत, त्याचे या दोन आकड्यांवर भागत नाही. अंकाची मराठी आणि कन्नड पाने संगणकावर लावताना हे मला चांगलेच जाणवले. ओएलईडी जातीच्या रुंद पडद्याची किंमत साध्या पडद्याच्या कितीतरी पट असते. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी आत काय आहे हे समजून घेतलेले बरे.

नेहमीच्या एलसीडी पडद्यात मागे दिवा असतो आणि पुढचे द्रवस्फटिक त्याचा प्रकाश कमीअधिक अडवतात. ही अडवणूक कधीच पुरती होत नाही, म्हणून अंधाऱ्या खोलीत काळा रंग करडा दिसतो. ओएलईडीत मागे दिवाच नाही. सेंद्रिय पदार्थाच्या अतिपातळ थरातून वीज गेली की तो थर स्वतःच उजळतो. कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 साली या तत्त्वावरचा व्यवहार्य दिवा शास्त्रीय जगापुढे मांडला. येथे काळा दाखवावयाचा पिक्सेल सरळ विझतो. आणि रंग बदलावयास त्याला मिलिसेकंदाचा अल्पसा अंश पुरतो, त्यामुळे खेळातल्या धावत्या गाडीमागे पुसट शेपूट राहत नाही.

रुंद पडद्यांत सर्वांत रुळलेले माप 34 इंची, 3440 गुणिले 1440 पिक्सेलचे. त्याची उंची 27 इंची साध्या पडद्याएवढीच असते. वाढते ती फक्त रुंदी. पान लावणाऱ्याला समोरासमोरची दोन पाने आणि बाजूला अवजारांची पेटी एकदम दिसते, ही मोठीच सोय. खेळणाऱ्याने मात्र आपला आवडता खेळ या मापाला जुळतो की नाही हे आधी पाहावे. 2022 साली ‘एल्डन रिंग’ निघाला तेव्हा तो रुंद पडद्यावरही दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या ठेवूनच चाले.

आता मुख्य मुद्दा. ओएलईडीत दोन घराणी आहेत. सॅमसंगच्या क्यूडी-ओएलईडीत निळा प्रकाश निर्माण करून क्वांटम डॉटच्या साहाय्याने त्यातून लाल व हिरवा मिळवतात. एलजीच्या डब्ल्यूओएलईडीत पांढरा प्रकाश रंगीत गाळण्यांतून सोडतात, आणि तेज वाढविण्यासाठी प्रत्येक पिक्सेलला चौथा, पांढरा ठिपका देतात. भडक रंगांत पहिले घराणे सरस. 2022 साली आलेला डेलचा 34 इंची एलियनवेअर याच घराण्यातला पहिला मॉनिटर. परंतु त्याच्या पिक्सेलमध्ये तीन रंगांचे ठिपके ओळीत नसून त्रिकोणात बसविलेले असतात : हिरवा वर, लाल आणि निळा खाली.

हा त्रिकोण आपल्या लिपीला नेमका नडतो. काळी आडवी रेघ पांढऱ्या पानावर काढली की तिच्या एका काठाला गुलाबी आणि दुसऱ्या काठाला हिरवी झाक उमटते. रोमन लिपीत आडव्या रेघा तुटक असतात. देवनागरीत शिरोरेषा शब्दभर चालते, आणि तिच्याबरोबर ती झाकही. कन्नडचा तलेकट्टु आखूड आणि बाकीचे अक्षर वळणदार, त्यामुळे तेथे ही झाक विखुरते. डब्ल्यूओएलईडीत ठिपके ओळीत असले तरी त्यांचा क्रम नेहमीचा नसतो, म्हणून तेथे उभ्या दंडाच्या आणि कान्याच्या कडा रंगतात. अलीकडे दोन्ही घराण्यांत सरळ उभ्या पट्ट्यांची रचना येऊ लागली आहे. ती मिळत असेल तर हा प्रश्नच बराचसा मिटतो.

पिक्सेल बारीक असले की झाकही बारीक होते. 34 इंची पडद्यात एका इंचात सुमारे 110 पिक्सेल बसतात. एलजीने 2023 साली विक्रीस आणलेल्या 45 इंची पडद्यात पिक्सेल तितकेच, पण पडदा मोठा; म्हणून इंचाला जेमतेम 84. खेळाला तो झकास, मजकुराला माझ्या मते अगदीच निरुपयोगी. 2025 साली त्याच मापात 5120 गुणिले 2160 चा पडदा आला. तेथे इंचाला 125 पिक्सेल पडतात, मात्र एकूण संख्या एक कोटी दहा लाखांवर जाते आणि तेवढे चित्र हलते ठेवणारे ग्राफिक्स कार्ड वेगळेच पैसे मागते.

दुसरी अडचण झिजण्याची. सेंद्रिय थर जळेल तितका मंदावतो. टास्कबार किंवा अवजारांची पेटी रोज आठ तास एकाच जागी राहिली की तेथले ठिपके शेजाऱ्यांपेक्षा अधिक झिजतात आणि कायमचा डाग पडतो. त्यालाच बर्न-इन म्हणतात. खेळातल्या त्या काळ्या पट्ट्यांनीही असेच होते, फक्त उलट : मधला भाग झिजतो आणि कडा कोऱ्या राहतात. म्हणून टास्कबार लपवावा, पार्श्वभूमी गडद ठेवावी, आणि पडदा स्वतःची डागडुजी करू लागला की त्याचा वीजपुरवठा तोडू नये. उपर्युक्त एलियनवेअरच्या तीन वर्षांच्या हमीत बर्न-इन धरलेले होते; सर्वच कंपन्या ते धरत नाहीत. हमीपत्र वाचूनच पैसे द्यावेत.

खोलीचा उजेडही पाहावा. क्यूडी-ओएलईडीत बाहेरचा प्रकाश शोषणारा ध्रुवकाचा थर नसल्यामुळे खिडकीसमोर काळा रंग जांभळट-करडा दिसतो. छपाईसाठी छायाचित्रे करणाऱ्याने पडदा एसआरजीबी अवस्थेत ठेवावा, नाहीतर पडद्यावर रसरशीत दिसलेला लाल रंग छापखान्यातून आल्यावर मलूल वाटतो.

दिवसभर मजकूरच जुळवणाऱ्याने माझ्या मते चांगला आयपीएस एलसीडीच घ्यावा. काम आणि खेळ निम्मे-निम्मे असतील व खोलीला पडदे असतील, तर 34 इंची क्यूडी-ओएलईडी. दुकानात जाताना पेन ड्राइव्हवर आपल्या अंकाचे एक मराठी आणि एक कन्नड पान न्यावे, ते मूळ आकारात उघडावे, आणि नेहमीच्या अंतरावर बसून दहा मिनिटे वाचावे. दुकानदार खेळाची चित्रफीत लावू पाहील; त्याला थांबवावे.