यंत्र विकत घेता येते, जाणकार हात घडवावे लागतात

तंजावर शाखेत बदली होऊन आलो, त्या पहिल्याच महिन्यात एक गृहिणी शैक्षणिक कर्जाच्या चौकशीसाठी माझ्यासमोर बसल्या. माझे आडनाव वाचताच त्यांनी तमिळ सोडून तंजावरी मराठीत बोलण्यास प्रारंभ केला. मुलगी बायोमेडिकल अर्थात जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. ती डॉक्टर होणार नाही, परिचारिकाही नाही. मग रुग्णालयात तिला काम कोण देणार, ही त्यांची चिंता होती. शैक्षणिक कर्जाची परतफेड साधारणपणे अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होते. त्यामुळे ही चिंता जितकी आईची, तितकीच बँकेचीही होती.

उत्तर मिळाले ते दुसऱ्याच एका कर्जखात्यात. एका खासगी रुग्णालयाने कर्ज काढून व्हेंटिलेटर घेतला होता. पाहणीस गेलो तेव्हा तो कापडाखाली झाकलेला आढळला. दोष केवळ बॅटरीचा होता. पण तो ओळखणारे रुग्णालयात कोणी नव्हते. यंत्र थांबले होते, हप्ता मात्र थांबला नव्हता. अडचणीच्या वेळी रुग्णाला काय सोसावे लागले असते, याचा हिशेब तर कोणत्याच खातेवहीत मांडता येत नाही.

हे चित्र एकाच रुग्णालयाचे नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाने शासकीय रुग्णालयांतील उपकरणांची देशव्यापी मोजदाद केली. २९ राज्यांतील सुमारे साडेसात लाख उपकरणांपैकी, राज्याराज्यांनुसार, १३ ते ३४ टक्के उपकरणे बंद आढळली. त्यातूनच २०१५ मध्ये उपकरणांच्या देखभालीचा राष्ट्रीय कार्यक्रम आखण्यात आला.

जैववैद्यकीय अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना रुग्णालयात प्रशिक्षणासाठी घेणे, हा यावरचा एक साधा मार्ग आहे. इन्फ्युजन पंपातून ठरल्याप्रमाणेच औषध जाते का, डिफिब्रिलेटर योग्य ऊर्जेचा झटका देतो का, विद्युतगळती मर्यादेत आहे का, हे तपासण्याचे शिक्षण वर्गात अपुरेच राहते. रुग्णालयालाही यंत्रांची नोंदवही, वार्षिक देखभाल कराराच्या तारखा आणि बंद काळाचा हिशेब ठेवणारा माणूस मिळतो.

मात्र निवड करताना काही पथ्ये पाळावीत. महाविद्यालयाशी लेखी करार करून कालावधी, विद्यावेतन आणि मार्गदर्शक निश्चित करावेत. हिपॅटायटिस-बीची लस, संसर्ग-प्रतिबंधाचे प्रशिक्षण आणि रुग्णाच्या माहितीची गोपनीयता यांत तडजोड नको. रुग्णाला जोडलेल्या यंत्रास विद्यार्थ्याने एकट्याने हात लावू नये. क्ष-किरण विभागात काम असेल, तर किरणोत्सर्गाची मात्रा मोजणारा टीएलडी बिल्ला त्याच्याजवळ असावा. प्रश्न विचारण्याचा संकोच नसणारा विद्यार्थी गुणपत्रिकेतील चार गुणांपेक्षा अधिक मोलाचा ठरतो.

पदवीनंतरच्या वर्षासाठी शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ चा आधार घेता येतो. राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजनेखाली विहित किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र शासन उचलते. दक्षिणेकडील राज्यांसाठीचे मंडळ चेन्नईत, तर पश्चिमेकडील राज्यांसाठीचे मुंबईत आहे.

रुग्णाजवळ राहून शिकण्याची ही रीत तंजावरला परकी नाही. दुसरे सरफोजीराजे भोसले (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी येथे धन्वंतरी महाल उभारला. तेथे देशी वैद्यकाबरोबरच पाश्चात्त्य वैद्यकाचेही जाणकार एकत्र काम करीत. नेत्ररुग्णांच्या सचित्र नोंदी सरस्वती महाल ग्रंथालयाने जपल्या आहेत. आधी नोंद, मग उपचार, हा शिरस्ता दोनशे वर्षांपूर्वी या नगरीत होता.

त्या गृहिणींना मी मुलीच्या महाविद्यालयातील प्रशिक्षण विभागाकडे जाण्यास सुचवले. कर्ज मंजूर झाले आणि पुढे सुट्टीत मुलीला एका रुग्णालयात सहा आठवड्यांचे प्रशिक्षणही मिळाले. अखेरीस ती शाखेत आली, तेव्हा हाती प्रमाणपत्र होतेच. पण तिने अभिमानाने दाखवली ती स्वतः तयार केलेली यंत्रांची नोंदवही. ‘बंद’ या रकान्यातील तीन ओळी खोडून तिथे ‘वापरात’ असे लिहिले होते. आईने ते पान दोनदा वाचले. रुग्णालयात मुलीचे काय काम, हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.