एका टिंबाने फॉर्म का अडकतो?

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस होता. सातारा-सांगलीच्या मुलांसाठी आम्हीच बनवलेला ऑनलाइन फॉर्म एका नावावर नुसता फिरत बसला. नेट चालू, सर्व्हर चालू. नाव लांबलचक, मध्ये जागा न सोडता लिहिलेलं, आणि शेवटी चुकून पडलेलं एक टिंब. मागे रांगेतली सगळी मुलं खोळंबली.

नाव नीट आहे का हे तपासायला प्रोग्रॅममध्ये जो साचा देतात त्याला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, बोलताना रेजेक्स. आमचा साचा सांगत होता: काही अक्षरं, मग जागा असेल वा नसेल, आणि हेच पुन्हा पुन्हा. घोळ त्या 'असेल वा नसेल'मध्ये होता. 'हसन' हे नाव हसन, ह-सन, हस-न, ह-स-न असं चार प्रकारे वाचता येतं. दर अक्षरामागे प्रकार दुप्पट होतात. २० अक्षरांना ५,२४,२८८ आणि ३० अक्षरांना ५३ कोटींच्या वर!

नाव बरोबर असेल तर पहिल्याच वाटेने काम होतं. शेवटी टिंब आलं की रेजेक्स मागे फिरतो. जणू साताऱ्याहून सांगलीला फुफीकडे गेलो, दाराला कुलूप दिसलं, म्हणून कराडला परत येऊन दुसऱ्या रस्त्याने पुन्हा त्याच कुलपापाशी. यालाच बॅकट्रॅकिंग म्हणतात.

मोठमोठ्यांनाही हे भोवलंय. २ जुलै २०१९ ला क्लाउडफ्लेअरच्या एका रेजेक्समुळे जगभरातल्या असंख्य वेबसाइट सुमारे २७ मिनिटं बंद पडल्या. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ३४ मिनिटं बंद होतं. कारण एका मजकुरात सलग पडलेल्या सुमारे २०,००० मोकळ्या जागा.

आम्ही साचा बदलला: आधी अक्षरं, मग हवं तितक्या वेळा 'एक जागा आणि अक्षरं'. आता पुढचा तुकडा जागेशिवाय सुरूच होत नाही, म्हणून 'हसन' एकाच प्रकारे वाचला जातो. शिवाय १०० पेक्षा जास्त अक्षरं आली तर रेजेक्सकडे पाठवण्याआधीच अर्ज परत. गूगलचं आरई-टू वापरलं तर मागे फिरणंच नाही. ते सगळ्या वाटा एकदमच चालतं. केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्येच ही रीत मांडली होती.

कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत किंवा सांगलीच्या वालचंदमध्ये शिकणाऱ्या आपल्या मुलांनी प्रोजेक्ट तपासताना बरोबर नावं तर टाकावीतच, पण एकदा ३० वेळा 'अ' आणि शेवटी टिंब टाकून घड्याळ लावावं.