विश्लेषण : कास्टिंग बाद झाले तर भट्टीत परत जाते, मग नुकसान कशाचे? कारखान्यातील ‘रिजेक्शन’चे गणित काय सांगते?

कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील फौंड्रीत एखादे कास्टिंग बाद झाले, तर ते फेकून दिले जात नाही. ते पुन्हा भट्टीत जाते, वितळते आणि त्यातून नवा जॉब ओतला जातो. लोखंड परत मिळाले म्हणजे फार बिघडले नाही, असे वरवर पाहता वाटते. प्रत्यक्षात कारखान्याचा मोठा पैसा याच समजुतीत बुडतो. दोष शोधण्यापेक्षा तो होऊच न देणे स्वस्त का पडते आणि ‘लीन’, ‘सिक्स सिग्मा’ या पद्धती त्यासाठी नेमके काय करतात, याचा आढावा.

बाद कास्टिंगचा खरा खर्च किती?

इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवण्यासाठी साधारण ६०० युनिट वीज लागते. कास्टिंग बाद झाले की ही वीज गेली. त्याआधी वाळू तयार केली, साचा भरला, कोअर बसवला. नंतर साचा फोडला, शॉट ब्लास्टिंग केले, फेटलिंग केले. यातले काहीही परत मिळत नाही. भट्टीतून परत मिळतो तो फक्त धातू.

दोष कुठे सापडला, यावरही खर्च ठरतो. ब्लोहोल, म्हणजे वायू अडकल्याने पडलेली पोकळी, अनेकदा वरून दिसत नाही. मशिन शॉपमध्ये बोअरिंग करताना ती उघडी पडते. तोवर यंत्राचा वेळ आणि टूलची झीज खर्ची पडलेली असते. तोच जॉब ग्राहक कंपनीच्या असेंब्ली लाइनवर सापडला, तर डेबिट नोट येते आणि पूर्ण लॉट एकेक करून तपासण्यासाठी माणसे पाठवावी लागतात. पोकळी तीच, पण प्रत्येक टप्प्यावर तिची किंमत वाढत जाते.

९८ टक्के माल चांगला, मग अडचण कुठे?

समजा, एका जॉबवर १० टप्प्यांत काम होते आणि प्रत्येक टप्प्यावर ९८ टक्के काम पहिल्याच फटक्यात बरोबर होते. ऐकायला हे उत्तम वाटते. पण ०.९८ ला ०.९८ ने असे १० वेळा गुणत गेले, तर उत्तर येते सुमारे ०.८२. म्हणजे १०० पैकी फक्त ८२ जॉब कुठेही न अडकता शेवटपर्यंत पोहोचतात. उरलेले १८ कुठे ना कुठे दुरुस्त होतात किंवा बाद होतात. प्रत्येक टप्पा ९९ टक्क्यांवर नेला, तर हाच आकडा ९० वर जातो.

महिन्याच्या अहवालात मात्र हे दिसत नाही. दुरुस्त केलेला जॉबही ‘ओके’मध्येच मोजला जातो. दुरुस्तीसाठी लागलेली माणसे, जागा आणि ओव्हरटाइम कोणत्याच रकान्यात वेगळे येत नाहीत. गुणवत्ता क्षेत्रात याला ‘लपलेला कारखाना’ म्हणतात. आपल्याच शेडमध्ये, आपल्याच पगारावर तो रोज चालू असतो.

‘सिक्स सिग्मा’ म्हणजे नेमके काय?

मराठी वाचकांना हा शब्द मुंबईच्या डबेवाल्यांमुळे परिचित आहे. त्याचा जन्म मात्र १९८६ मध्ये ‘मोटोरोला’ या अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत झाला. तेथील अभियंते बिल स्मिथ यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. कारखान्यात दोष निघाला म्हणून दुरुस्त केलेली उपकरणे ग्राहकाकडे गेल्यावरही लवकर बिघडत होती. एक दोष सापडला, पण त्याच्यासोबतचे दुसरे तपासणीतून निसटले होते. याउलट, पहिल्यापासून नीट बनलेली उपकरणे टिकत होती.

सिग्मा म्हणजे प्रमाण विचलन. मापे सरासरीपासून किती इकडेतिकडे पसरतात, ते यातून कळते. शाफ्टच्या व्यासाला ०.०६ मिलिमीटर कमी-जास्त चालणार असेल आणि प्रक्रियेचे प्रमाण विचलन ०.०१ मिलिमीटर असेल, तर सरासरी आणि मर्यादा यांच्यात सहा सिग्मा मावतात. काळानुसार टूल झिजते, तापमान बदलते आणि सरासरी थोडी सरकते. तेवढी सूट धरूनही या पातळीवर १० लाख संधींमागे ३.४ दोष अपेक्षित असतात. त्याच हिशेबाने तीन सिग्माच्या पातळीवर हा आकडा ६६,८०७ इतका आहे. १९९५ पासून ‘जनरल इलेक्ट्रिक’चे प्रमुख जॅक वेल्श यांनी ही पद्धत कंपनीभर राबवली आणि ती जगभर पोहोचली.

टोयोटाने काय वेगळे केले?

सिक्स सिग्माचा भर मापांतील फरक कमी करण्यावर आहे, तर ‘लीन’चा भर वाया जाणारे काम काढून टाकण्यावर. लीनचे मूळ टोयोटाच्या उत्पादन पद्धतीत आहे. ही पद्धत घडवणारे ताइची ओनो यांनी वाया जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणे, अनावश्यक वाहतूक, गरज नसलेली प्रक्रिया, साठा, कामगाराची अनावश्यक हालचाल आणि दोषयुक्त माल. यातील जास्त उत्पादन त्यांना सर्वांत घातक वाटे. फौंड्रीत याचे कारण लगेच कळते. एकाच पॅटर्नची ५०० कास्टिंग ओतून ठेवली आणि पहिले आठवड्याने मशिनवर चढले, तर दोष कळेपर्यंत सगळी ५०० संशयित ठरतात. ५० ओतली असती, तर नुकसान ५० वर थांबले असते.

दुसरे तत्त्व आहे दोष दिसताच काम थांबवण्याचे. साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये पूर्णत्वास नेलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबत असे. पुढे मोटार कारखान्यात कामगाराच्या हाताशी दोरी आली. अडचण दिसली की कोणीही ती ओढायची. टीम लीडर धावत येतो आणि ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही, तर लाइन थांबते.

चूक कामगाराची की पद्धतीची?

जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांचे १९६१ मधील उदाहरण गुणवत्तेच्या अभ्यासक्रमात आजही शिकवले जाते. एका कारखान्यात छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवताना कामगार अधूनमधून एक विसरत. ‘लक्ष देऊन काम करा’ हे सांगून उपयोग होत नव्हता. शिंगोंनी एक बशी ठेवायला लावली. आधी दोन स्प्रिंग बशीत काढायच्या आणि मग जोडणीला हात घालायचा. बशीत स्प्रिंग उरली, तर चूक तिथेच कळते. अशा उपायांना सुरुवातीला ‘बाका-योके’ म्हणत. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. एका कामगार महिलेला हा शब्द लागला, तेव्हा शिंगोंनी तो बदलून ‘पोका-योके’ केला, म्हणजे नकळत होणारी चूक टाळण्याची सोय.

अमेरिकेतील फ्रीमॉन्टचा अनुभवही हेच सांगतो. खराब गुणवत्ता आणि गैरहजेरीसाठी बदनाम झालेला ‘जनरल मोटर्स’चा हा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये तो टोयोटासोबत संयुक्तपणे पुन्हा सुरू झाला. बहुतांश कामगार जुनेच होते, युनियनही तीच होती. पद्धत बदलली आणि थोड्याच काळात तेथील मोटारी कंपनीच्या अमेरिकेतील सर्वोत्तम मोटारींत गणल्या जाऊ लागल्या.

छोट्या कारखान्यात हे शक्य आहे का?

सुरुवातीला महाग यंत्रणा लागत नाही. आठवडाभर बाद झालेले जॉब दोषानुसार वेगळे मोजले, तरी बहुतेक रिजेक्शन दोन-तीन कारणांतून येते, हे दिसते. मग एकाच दोषाला पुन्हा पुन्हा ‘का’ विचारायचे. ब्लोहोल का पडले? साच्यात वायू अडकला. का? वाळूत ओलावा जास्त होता. का? पाणी अंदाजाने टाकले. का? ओलावा मोजण्याचे उपकरण बंद आहे. का? ते कोणी पाहायचे, हे ठरलेलेच नाही. पहिल्या प्रश्नावर थांबले असते, तर दोष साचा भरणाऱ्याच्या माथी गेला असता.

सरकारी मदत कोणती?

केंद्राच्या ‘झेड’ योजनेत, म्हणजे ‘झिरो डिफेक्ट, झिरो इफेक्ट’मध्ये, कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशी प्रमाणपत्रे आहेत. २०२२ मध्ये नव्या स्वरूपात आलेल्या या योजनेत प्रमाणन खर्चावर सूक्ष्म उद्योगांना ८०, लघु उद्योगांना ६० आणि मध्यम उद्योगांना ५० टक्के अनुदान ठेवण्यात आले. मार्च २०२३ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री नारायण राणे यांनी ‘एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह लीन’ योजना सुरू केली. त्यात सल्लागाराच्या शुल्काचा ९० टक्के भार केंद्राने उचलण्याची तरतूद करण्यात आली.

अडचण कुठे येते?

प्रमाणपत्र भिंतीवर लागते, पण शिफ्टचा हिशेब टनावरच होतो. इन्सेंटिव्ह फक्त नगावर मिळत असेल, तर संशयित जॉब बाजूला काढणाऱ्याचा खिसा रिकामा होतो. कंत्राटी कामगार काही महिन्यांत बदलत असतील, तर शिकलेले त्यांच्यासोबत निघून जाते. आणि लाइन थांबवणाऱ्याला सुपरवायझरची बोलणी खावी लागत असतील, तर पुढच्या वेळी तो दोष पाहूनही जॉब पुढे ढकलेल. म्हणूनच एखाद्या कारखान्यात लीन खरोखर आले का, हे पाहायचे तर तिथे काम कोण थांबवू शकतो आणि थांबवल्यावर त्याचे काय होते, एवढे विचारावे.