बुटका स्नेक प्लांट

स्नेक प्लांट म्हटलं की कमरेइतकी उंच, ताठ पानं आठवतात. ‘हाह्नी’ हा त्याचा बुटका वाण मात्र जेमतेम वीतभर वाढतो. न्यू ऑर्लिन्समधल्या एका रोपवाटिकेत १९३९ साली तो आपसूक उपजला. त्याची रुंद पानं घरट्यासारखी गोल मांडलेली असतात.

हे रोप मरतं ते बहुधा पाण्याने. कुंडीतली माती बोटभर खोलवर कोरडी लागली, तरच पाणी द्यावं. पावसाळ्यात तर दोन-तीन आठवडे झारीला हात लावला नाही तरी चालतं. पाणी मातीलाच घालावं. वरून ओतलं की ते पानांच्या मधल्या खोबणीत साचतं, पानाचा बुंधा पिवळट, मऊ पडतो आणि हलकं ओढताच पान हातात येतं. मातीत निम्मी जाडी वाळू किंवा विटांचा चुरा घालावा, कुंडीला भोक हवंच.

अंधाऱ्या कोपऱ्यात ते तग धरतं, वाढत नाही. खिडकीजवळचा उजेड उत्तम. ‘रात्री ऑक्सिजन देतं’ ही जाहिरात मनावर घेऊ नका: रात्री ते कार्बन डायऑक्साइड साठवतं, ऑक्सिजन सोडतं दिवसाच.

पिवळ्या काठाचा वाण पानापासून लावला, तर नवं रोप बहुतेक हिरवंच निघतं. काठ हवा असेल तर मुळाशी फुटलेलं पिल्लू वेगळं करावं. घरात मांजर-कुत्रं असेल, तर कुंडी उंचावर ठेवा. पानं चघळली की त्यांना उलट्या होतात.