घरच्या मजुरीचा रकाना

शेतीला व्यवसाय मानून तिच्या जमाखर्चाचे शास्त्र शिकविणाऱ्या ज्या पदव्युत्तर पदव्या प्रबंधावाचून पुऱ्या होत नाहीत, त्यांचे पहिले वर्ष व्याख्याने, सांख्यिकी आणि परीक्षा यांत निघून जाते. दुसऱ्या वर्षी मात्र संशोधनाच्या आराखड्यावर मार्गदर्शक समितीच्या सह्या झाल्या, की विद्यार्थी आणि विषय यांच्यामध्ये पुस्तकाचा आडपडदा उरत नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कृषी अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी कापसाच्या उत्पादनखर्चाचा विषय पत्करला, तेव्हा त्यात अवघड असे काही असेल तर ते आकडेमोडीत असेल, अशी माझी समजूत होती.

आधी तालुका, मग गावे आणि गावांतून कास्तकार, अशा पायऱ्यांनी नमुना निवडायचा. धारणक्षेत्र पाहून त्यांचे लहान, मध्यम व मोठे असे गट पाडायचे. आणि मग छापील प्रश्नावली काखोटीस मारून अकोला व अमरावती जिल्ह्यांतील गावे हिंडायची. दिवसा माणूस शेतात, म्हणून बहुतेक मुलाखती दिवेलागणीनंतर ओसरीवर होत. बियाण्याचा व खताचा खर्च कृषी केंद्राच्या बिलांवरून आणि विक्रीची रक्कम सौदापट्टीवरून रुजवात घालून उतरविता येई. कागद नव्हता तो मनुष्यबळाला. ‘निंदणाला किती बाया लागल्या?’ असे थेट विचारले, की ‘लागल्या असतीन दहा-बारा’ असे मोघम उत्तर मिळे. पण पोळ्याआधी डवरणीचे किती फेर झाले, पहिले निंदण कोणत्या धुऱ्याकडून सुरू केले, त्या दिवशी बाया गावातल्याच होत्या की बाहेरून आणल्या होत्या, सीतादही होऊन पहिला वेचा लागला तेव्हा दिवाळी किती दूर होती, असे सणांच्या आणि शिवाराच्या खुणांनी मागे मागे नेले, म्हणजे तोच कास्तकार एकेक दिवस जणू वहीतून वाचून दाखवी.

या प्रश्नावलीत ‘घरचे मजूर’ असा एक रकाना असतो. धन्याने स्वतः केलेली फवारणी, मुलाने सुटीत धरलेला डवरा, घरातील बाईने हंगामभर केलेला वेचा, हे सारे तासांनी मोजावयाचे, आठ तासांचा एक दिवस धरावयाचा आणि गावात चालू असलेल्या मजुरीच्या दराने त्याची किंमत लावावयाची. अंजनगाव सुर्जीकडील एका घरी मी धन्याला हा प्रश्न विचारीत असता आतून त्याची आई बाहेर आली आणि म्हणाली, “घरच्या मानसाले कोनी मजुरी देते काय, बाबू?” धनी हसला व त्याने रकान्यात शून्य लिहावयास सांगितले. मी तोच प्रश्न पुन्हा, पण त्या माउलीला, विचारला. तेव्हा तिने सुनेच्या आणि स्वतःच्या वेच्याचे दिवस, कोणत्या ओळी कोणी धरल्या येथपासून, असे सांगितले की धन्याला दोनदा मान डोलवावी लागली.

या रकान्याला वऱ्हाडात जुना इतिहास आहे. १९५४-५५ पासून भारत सरकारने शेतीव्यवस्थापनाच्या ज्या पाहण्या हाती घेतल्या, त्यांत त्या काळी मध्य प्रदेशात मोडणारे अकोला आणि अमरावती हे जिल्हेही निवडले गेले. केंद्रात कृषिमंत्रिपद होते ते अमरावतीच्याच पंजाबराव देशमुखांकडे. त्या पाहण्यांत खर्चलेखनाच्या एका पद्धतीनुसार गावात मुक्काम ठोकून असलेला कर्मचारी रोजच्या कामाची रोज नोंद करी. माझ्यासारख्या एकट्या विद्यार्थ्याला मात्र हंगाम उलटल्यावर स्मरणाच्या आधारे काम भागवावे लागते. या पाहण्यांतून निघालेले एक कोडे अमर्त्य सेन यांनी १९६२ साली ‘इकॉनॉमिक वीकली’त मांडले: घरच्या श्रमाला चालू दराने मजुरी लावली, की भारतातील पुष्कळशी शेती तोट्याची दिसू लागते.

तेच माझ्या कोष्टकांत उतरू लागले. प्रत्यक्ष झालेला खर्च, म्हणजे खर्च-अ, वजा केला की बहुतेक शेते नफ्यात दिसत. स्वतःच्या जमिनीचा खंड, भांडवलावरील व्याज आणि घरची मजुरी मिळवून खर्च-क काढला, की लहान गटातील नफा आटत जाई. शिवाय घरच्या बाईचा दिवस बाईमाणसाच्या मजुरीने धरावा की गड्याच्या, एवढ्या एका निवडीने बेरीज हलत असे. प्रघाताप्रमाणे मी बाईचाच दर लावला. पण तो दर गावातच मुळात कमी, तेव्हा बाजाराचा पक्षपात आपल्या प्रबंधात वस्तुस्थिती म्हणून दाखल होतो, हे तळटिपेत नमूद केल्यावाचून राहवले नाही. हा वाद केवळ विद्यापीठीय नव्हे. २०१८-१९ पासून केंद्र सरकार हमीभाव ठरविताना दीडपट धरते ती प्रत्यक्ष खर्च अधिक घरची मजुरी यांची. स्वामिनाथन आयोगाच्या नावाने शेतकरी संघटना मागतात ती खंड व व्याजासह सर्वंकष खर्चाची. दोन्ही हिशेबांत घरची मजुरी येतेच, आणि म्हणून तिचे तास कोणी व कसे मोजले, हा प्रश्न थेट भावाला जाऊन भिडतो.

मौखिकीच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, “मग तुमचा लहान कास्तकार नफ्यात आहे की तोट्यात?” मी म्हणालो, रोखीने पाहिले तर तो तगून आहे, आणि घरच्यांनी मोबदला मागितला तर बुडीत आहे, दोन्ही विधाने खरी असल्याने दोन्ही ओळी कोष्टकात शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. त्यांनी प्रबंधाची पाने उलटून शिफारशींचे प्रकरण काढले. तेथे पहिली शिफारस अशी होती की, उत्पादनखर्चाच्या कोणत्याही पाहणीत कुटुंबातील स्त्रियांच्या कामाचे तास कुटुंबप्रमुखाकडून लिहून घेऊ नयेत; ते त्या स्त्रियांनाच, स्वतंत्रपणे, विचारावेत.